झाडीतल्या जागेत टर्की आणि बदकं पाळताय? या चुका टाळा

टर्कीची पिल्लं भरल्या ताटापुढे उपाशी मरतात, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मुळशीकडे कोळवण खोऱ्यात आमचं दीड एकर रान आहे. आंबा, जांभूळ, ऐन आणि कडेला बांबू. तिथे पहिल्यांदा २० पिल्लं आणली आणि चार दिवसांत सहा गेली. खाद्य समोर होतं, पाणी होतं, बल्ब लावलेला होता. सातव्यानेही मान टाकली तेव्हा त्याला तळहातावर घेतलं आणि गळ्याखाली बोट फिरवून पाहिलं. अन्नपिशवी चपटी, आत एक दाणा नाही. पायाखाली मात्र खाद्याचा चुरा तुडवलेला.

आमची चूक साधी होती. गावठी कोंबड्या वर्षानुवर्षं सांभाळल्या होत्या, म्हणून टर्की आणि बदक म्हणजे मोठी कोंबडीच असं धरून चाललो. पुढच्या बहुतेक चुका याच समजुतीतून झाल्या.

पिल्लू खातंय असं गृहीत धरणं

कोंबडीचं पिल्लू जमिनीवर आपोआप टोचायला लागतं. टर्कीच्या पिल्लाला दाणा दाखवावा लागतो. पहिले तीन दिवस खाद्य खरबरीत कागदावर किंवा गोणपाटावर पसरा. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होतं. पाण्याच्या भांड्यात मुलांच्या रंगीत गोट्या टाका. चमकेला चोच मारताना त्यांना पाणी सापडतं. दर १० पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं बारीक कुस्करून द्या, आणि लिटरभर पाण्यात १०० मिली दूध. हे पंधरा दिवस करायचं. दूध आंबतं, म्हणून भांडं दिवसातून दोनदा धुवायचं.

पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश सेल्सियस ऊब हवी, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा. बल्बखाली ढीग केला तर थंडी, कडेला पळाली तर उष्णता, सगळी एकाच बाजूला दाटली तर दुसरीकडून वारा लागतोय. रात्री झोपण्याआधी एकेकाची अन्नपिशवी चाचपा. २० पिल्लांना दहा मिनिटं लागतात.

कोंबड्यांच्या जागेत टर्की सोडणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याच्या अंड्यांतून ब्लॅकहेड रोगाचा जंतू पसरतो. कोंबडीला सहसा काही होत नाही, टर्की मात्र पटापट मरते. ही जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि गांडुळांच्या पोटातही राहतात. आता आपल्याकडचा जून-जुलै आठवा. पालापाचोळ्याखालची ओली माती, वर आलेली गांडुळं आणि ती चवीने टिपणारी टर्की. झाडीतली जागा टर्कीला मानवते हे खरं, पण त्याच जागेत आधी कोंबड्या चरत असतील तर तिथेच तिचा घात होतो.

खूण एकच लक्षात ठेवा: गंधकासारखी पिवळी विष्ठा. पक्षी पंख पाडून, डोळे मिटून उभा राहतो. डोकं काळं पडेल म्हणून वाट बघू नका, बहुतेकदा ते पडतच नाही. रोग दिसल्यावर औषधाचा भरवसा धरता येत नाही. म्हणून जागा वेगळी, भांडी वेगळी, कोंबड्यांकडे जायची चप्पलही वेगळी. माझं स्पष्ट मत आहे की दहा वर्षं कोंबड्या फिरलेली एकुलती एक जागा असेल तर टर्कीचा विचार सोडा आणि बदकं पाळा.

दुकानात मिळेल ते खाद्य

ब्रॉयलर कोंबडीच्या प्री-स्टार्टरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या अगदी सुरुवातीच्या खाद्यात, प्रथिनं साधारण २२-२३ टक्के असतात. टर्कीच्या पिल्लाला सुरुवातीला २८ टक्के लागतात. शिवाय पोत्यावरचं लेबल वाचा. सॅलिनोमायसिन लिहिलं असेल तर ते पोतं टर्कीसाठी घेऊ नका. कोंबडीला चालणारं हे औषध टर्कीला विषारी ठरतं. बदकाच्या पिल्लांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना नायासिन (ब-३ जीवनसत्त्व) जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकतात आणि पिल्लू फेंगडं चालतं. खाद्यात ब्रूअर्स यीस्ट मिसळलं की ही अडचण टळते.

बुरशीबद्दल मात्र अजिबात हयगय नको. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की मेल्या. कारण निघालं ब्राझीलहून आलेली बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड. अफ्लाटॉक्सिन हे विष त्या शोधातूनच माहीत झालं. बदकाची पिल्लं या विषाला फारच नाजूक. मुळशी-मावळच्या पावसात मका आणि पेंड आठवड्यातही कुबट होते. तेव्हा थोडं थोडंच घ्या, पोती फळीवर आणि भिंतीपासून लांब ठेवा. कुबट वास आला की फेकून द्या. उन्हात वाळवलं म्हणून विष जात नाही.

दोघांना एकाच वाड्यात ठेवणं

बदकाला पाणी उडवायचं असतं, टर्कीला कोरडं लागतं. एकत्र ठेवलं की दोन दिवसांत चिखल होतो आणि आधी टर्की आजारी पडते. बदकाचं पाण्याचं भांडं पाच-सहा इंच खोल हवं, म्हणजे नाकपुड्या बुडवून धुता येतात. ते भांडं खडी भरलेल्या खड्ड्यावर जाळी टाकून तिच्यावर ठेवा, सांडलेलं खाली मुरतं. कोरडं खाद्य पाण्याशिवाय कधीच देऊ नका, घशात अडकतं. आणि आईविना वाढणारी पिल्लं हौसेने टबात सोडू नका. त्यांच्या पिसांना अजून तेल नसतं, भिजून गारठतात.

मुंगूस आणि उदमांजर

साधी षटकोनी जाळी पक्षी आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारा वेल्ड केलेली मजबूत जाळी) घ्या आणि फूटभर जमिनीत पुरा. टर्की तिन्हीसांजेला झाडावर चढते आणि मग खाली येत नाही. म्हणून संध्याकाळचा दाणा शेडमध्येच द्यायची सवय लावा आणि एका बाजूच्या पंखाची उडण्याची पिसं कापा. बदकं सकाळी नऊनंतरच सोडा. ती पहाटे अंडी घालतात. लवकर सोडली तर अंडी झुडपात जातात आणि मुंगसाला रोजची वाट कळते. फासे, विष लावू नका. मुंगसाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

मेलेला पक्षी लगेच पुरणं

एखादा पक्षी गेला तर तो दुहेरी पिशवीत बांधा, बर्फावर ठेवा, पण गोठवू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत तो पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे तपासायला पाठवता येतो. सोबत खाद्याचा नमुना आणि पोत्यावरचं लेबल द्या. एका दिवशी तीन-चार गेले तर मात्र पक्षी उचलून कुठेही नेऊ नका, आधी अधिकाऱ्यांना फोन करा. बर्ड फ्लू बदकाच्या अंगात काही न दाखवता राहू शकतो. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, ते पोल्ट्रीवाले विसरलेले नाहीत. अधिकारी येईपर्यंत वाड्याचं दार बंद ठेवा आणि शेजारच्यांची कोंबडी, कुत्रं आत येऊ देऊ नका.