अपघात पाहिलात? आधी लिहा, मग बोला

लालबागला भारतमाता सिग्नलपाशी एका टॅक्सीने सायकलवाल्याला उडवलं, तेव्हा मी बसथांब्यावर उभी होते. जबाबात छातीठोकपणे सांगितलं, ‘टॅक्सीला सिग्नल लाल होता.’ उलटतपासणीत वकिलांनी विचारलं, ‘बाई, मान कधी वळवलीत?’ आवाज आल्यावर! सिग्नल मी पाहिलाच नव्हता. ते शेजारच्या फुलवालीचं वाक्य होतं. पोलीस येईपर्यंत ते माझंच होऊन बसलं. टॅक्सीवाल्याचं पोट त्या वाक्यावर टांगलेलं होतं. म्हणून भेटेल त्याला हे सांगते.

जखमीला मदत मिळाली की गर्दीतून बाजूला व्हा आणि कुणाशीही चर्चा करण्याआधी लिहून काढा. वर तारीख, वेळ. कुठे उभे होतात, किती लांब, मध्ये काय आड येत होतं. ‘पाहिलं’ आणि ‘ऐकलं’ वेगवेगळं लिहा. आठवत नसेल तिथे जागा कोरी सोडा. कोरी जागा मनाला सहन होत नाही, ते कुठूनही उसनं आणून भरतं.

आठवण बदलायला प्रश्नातला एक शब्दही पुरतो. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. काहींना वेग विचारताना साधं क्रियापद वापरलं, काहींना ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचं. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली? काच नव्हतीच. तरी जोरकस शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण ‘हो’ म्हणाले. साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७.

म्हणून ‘टॅक्सी भरधाव होती ना?’ असं कुणी विचारलं तर नुसती मान डोलवू नका, आपल्या शब्दांत सांगा. पोलिसांनी लिहिलेला जबाब वाचून दाखवायला सांगा. त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ तसं सांगतं.

ओळखपरेडीआधी, म्हणजे रांगेतून संशयिताला ओळखायला बोलावतात त्याआधी, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे फोटो पाहू नका. आणि रांगेत तुम्ही पाहिलेला माणूस नसेलही.

आणि तो कागद रेशनकार्डाच्या फाइलीत जपा. माझी साक्ष चौथ्या वर्षी निघाली. घटनेनंतर लगेच लिहिलेलं टिपण साक्ष देताना पाहता येतं, साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६२ खाली. समोरच्या वकिलालाही ते पाहता येतं, तेव्हा त्यात खाडाखोड नको. नवं काही आठवलं तर खाली नवी तारीख घालून लिहा.