आयएनआय फाइल आणि गप्प बसणारं रीड

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यासाठी बिलाची स्क्रिप्ट लिहायची, तर जीएसटीचा दर, प्रिंटरचं नाव, डेटाबेसचा पासवर्ड कोडात कोंबायचे नाहीत, आयएनआय फाइलमध्ये (सेटिंग्जच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये) ठेवायचे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ती वाचणारं कॉन्फिगपार्सर हे मॉड्यूल पायथनसोबतच येतं.

मेख आहे ती त्याच्या रीड या मेथडमध्ये. फाइल सापडली नाही तर ती एरर देत नाही! वाचता आलेल्या फाइलींची यादी तेवढी परत करते, आणि ती यादी रिकामी आहे का हे कुणी बघत नाही. पुढे कुठेतरी कीएरर किंवा नोसेक्शनएरर येतो आणि आपण सेक्शनचं स्पेलिंग तपासत बसतो. व्हॅल्यू मागणाऱ्या गेट मेथडमध्ये फॉलबॅक, म्हणजे व्हॅल्यू न सापडल्यास वापरायची पर्यायी व्हॅल्यू, दिला असेल तर तो एररही येत नाही. कोडातल्या जुन्या दराने बिलं निमूट छापली जातात.

फाइल डोळ्यांसमोर असताना सापडत का नाही? नुसतं नाव दिलं की पायथन ती स्क्रिप्टच्या फोल्डरात शोधत नाही. प्रोग्राम ज्या फोल्डरातून सुरू केला तिथे शोधतं. म्हणून टर्मिनलवर चालणारी स्क्रिप्ट विंडोजच्या टास्क शेड्युलरला (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीला) लावली की बिघडते. तिथला ‘स्टार्ट इन’ रकाना रिकामा ठेवला की ती सहसा सिस्टम32 फोल्डरातून सुरू होते. पायथनच्या पाथलिब मॉड्यूलने स्क्रिप्टच्या स्वतःच्या जागेवरून पूर्ण पाथ बनवा. मग फाइल ओपनने उघडून रीड_फाइलला द्या, म्हणजे नसलेली फाइल तिथल्या तिथे फाइलनॉटफाउंडएरर देईल. सगळं ट्राय-एक्सेप्टमध्ये गुंडाळायला सांगणारे ‘सर’ भेटतील. ऐकू नका.

बाकीचं सोपं आहे, घाबरू नका. प्रत्येक व्हॅल्यू स्ट्रिंग म्हणूनच येते. ‘फॉल्स’ हा शब्द बूलमध्ये टाकलात तर ट्रू मिळेल, म्हणून गेटबूलियन वापरा; आकड्यांना गेटइंट, गेटफ्लोट. ‘दर = 5 ; टॉवेल’ असं लिहिलंत तर अर्धविरामापासूनचा भागही दरातच जातो. टीप वेगळ्या ओळीवर लिहा. पासवर्डात % असेल तर व्हॅल्यू मागताना इंटरपोलेशनचा (% च्या जागी दुसरी व्हॅल्यू भरण्याच्या सोयीचा) एरर येतो. %% लिहा किंवा इंटरपोलेशन नन ठेवा.

चादरींची नावं देवनागरीत असतील तर विंडोजवर एन्कोडिंग यूटीएफ-8 असं स्पष्ट द्या. तरीही पहिल्याच ओळीवर मिसिंगसेक्शनहेडरएरर आला, तर नोटपॅडने फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंगची न दिसणारी खूण) घातला असण्याची शक्यता मोठी. तिथे यूटीएफ-8-सिग चालतं.