पाट्याचा खळगा कॅमेऱ्याने मोजताना

आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या घरी आजीच्या वेळचा पाटा आहे. मिक्सर आल्यापासून तो बाल्कनीत भिंतीला टेकून उभा आहे. वाटून वाटून तो मधे किती झिजलाय, हे कॅमेऱ्याने मोजायचं मी डोक्यात घेतलं. वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये 28 वर्षं काढलीत, तेव्हा व्हर्नियरने दोन मिनिटांत काम झालं असतं. पण व्हर्नियर एका ठिकाणची खोली सांगतो. मला सगळ्या दगडाचा उंचसखलपणा हवा होता.

सामान म्हणजे भाच्याचा जुना 24 मेगापिक्सेलचा डीएसएलआर, 50 मिमीची एफ/1.8 लेन्स आणि भंगारातून आणलेलं ड्रिल मशीनचं एक्स-वाय टेबल. कॅमेरा टेबलावर बोल्टने आवळा, दगडापासून 600 मिमीवर. एक हँडल कॅमेरा आडवा सरकवतं, दुसरं दगडाकडे नेतं. हँडल एकाच दिशेने फिरवायचं. मागे यावं लागलंच तर अख्खा फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे या, नाहीतर बॅकलॅश, म्हणजे स्क्रूच्या आट्यांतली ढिलाई, तुमचं माप खाईल.

आधी पॅरलॅक्स. लेन्सचं भोक एफ/8 इतकं बारीक, फोकसच्या रिंगवर चिकटपट्टी, टायमर 2 सेकंद. एक फोटो काढा, कॅमेरा 30 मिमी उजवीकडे न्या, दुसरा काढा. कळव्याच्या पुढे लोकलमधून रुळालगतचे खांब सपासप मागे जातात आणि पारसिकचा डोंगर जागचा हलत नाही, तोच प्रकार. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. कॅमेऱ्याची सरक गुणिले पिक्सेलमधली फोकल लांबी, भागिले फोटोतली सरक, की अंतर मिळालं. माझा पिक्सेल 3.7 मायक्रॉनचा. इतक्या जवळ फोकस केल्यावर 50 नव्हे, 54.5 मिमी धरायचे, म्हणजे सुमारे 14,700 पिक्सेल. फोटोतली सरक येते 735 च्या आसपास आणि दगड 1 मिमी खोल गेला की ती सव्वा पिक्सेलने घटते.

फोटो जुळवायला ओपनसीव्ही या फुकट सॉफ्टवेअरमधलं स्टीरिओ एसजीबीएम वापरलं, दोन फोटोंतला तोच ठिपका शोधणारा प्रोग्राम, आणि तिथेच आपटलो. काठाकडे टाकीचे घाव अजून शाबूत आहेत, 5 मिमी अंतराने, एकासारखा एक. प्रोग्रामने एक रांग सोडून शेजारची पकडली आणि दोन इंच जाड दगडात पावणेपाच इंच खोल विहीर दाखवली! शोध 704 पासून फक्त 48 पिक्सेलपुरता ठेवला (हा आकडा 16 च्या पटीतच लागतो), तेव्हा विहीर बुजली.

तरी खात्री हवी म्हणून ब्लर. लेन्स एफ/1.8 ला उघडली की भोक 28 मिमीचं होतं. डाव्या काठातून दिसणारं चित्र आणि उजव्या काठातून दिसणारं चित्र फोकसबाहेर एकमेकांवर नीट बसत नाही, त्यालाच आपण धूसर म्हणतो. म्हणजे एकाच फोटोत 28 मिमी अंतरावरचे दोन डोळे. हिशोब करून बघा, फोकसपासून 1 मिमी ढळलं तर ठिपका सव्वा पिक्सेलच्याच जवळपास फुगतो. शेक्नर आणि किर्याती यांनी 2000 साली हे नातं नीट मांडून दाखवलं. फरक एवढाच की टेबल 60 मिमी सरकवता येतं, लेन्स रुंद करता येत नाही. पण शेजारची रांग पकडायची भानगड ब्लरमध्ये नाही.

इथे रिंग फिरवायची नाही, कॅमेराच पुढे न्यायचा. मग खोली थेट हँडलच्या डायलवर वाचता येते. 1 मिमी पुढे, फोटो, असे 20. पहिल्या फोटोत काठसुद्धा धूसर हवा, शेवटच्यात तळ धूसर. दगड दर फोटोत किंचित मोठा होतो, ते सगळे एका मापात आणा. मग 15×15 पिक्सेलच्या चौकोनात लाप्लासियन (शेजारच्या पिक्सेलांत उजेड किती झटकन बदलतो त्याचा आकडा) काढून कुठल्या फोटोत तो चौकोन सर्वांत रेखीव आहे ते शोधा. श्री नायर आणि नाकागावा यांची 1994 ची रीत हीच. शिखराच्या आजूबाजूच्या तीन आकड्यांतून वक्र काढला की मिलीमीटरच्या आतलं उत्तर मिळतं. फास्ट गाडी गेली की आमची बाल्कनी थरथरते. 1853 पासून ठाण्यातून गाड्या जातायत, त्या काही थांबणार नाहीत, शटर आपण थांबवायचं.

एवढं करूनही खळग्याच्या तळाशी दोन्ही पद्धती गप्प. तिथे दगड घासून गुळगुळीत झालाय, पकडायला खूणच नाही. मग खडू पाण्यात कालवला आणि जुन्या टूथब्रशने बारीक शिंतोडे उडवले. सुकल्यावर सगळं पुन्हा केलं. पॅरलॅक्स 9.5 मिमी, ब्लर 9.1, आणि सरळ पट्टी ठेवून व्हर्नियरने 9.2.

पॅरलॅक्स कॅमेरा 60 मिमी सरकवून पुन्हा करून बघणार होतो. तेवढ्यात आईने, "वाटायच्या दगडाला कसले रे डाग पाडलेस?" म्हणत पाटा काथ्याने घासून धुवून टाकला.