शाळेतल्या तपासणीची चिठ्ठी मिळाली की पुढे काय करायचं

शाळेत डॉक्टरांची गाडी येऊन गेली की पोरं घरी एवढंच सांगतात, वजन केलं, डोळे बघितले, आणि आपण पण बरं म्हणून सोडून देतो. माझ्या भाच्याच्या छातीत आवाज येतोय, पुढे दाखवा अशी चिठ्ठी शाळेतून मिळाली होती आणि ती चार महिने दप्तराच्या आतल्या कप्प्यातच पडून होती, दिवाळीच्या सुट्टीत दप्तर धुवायला काढलं तेव्हा सापडली. हृदयाला छिद्र निघालं. ऑपरेशन झालं, आता मस्त खेळतो, पण ते चार महिने आठवले की अजून जीव खालीवर होतो म्हणून हे सगळं लिहितोय.

ही गाडी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच त्याची सुरुवात झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं यात येतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळेत एकदा तपासणी होते, त्यात ॲनिमिया, दात, कान, नजर इथपासून ते जन्मजात हृदयरोग, फाटलेला ओठ, वाकडे पाय, ऐकू न येणं, उशिरा बोलणं असं बरंच काही बघतात. तपासणीच्या दिवशी मूल शाळेत हजर पाहिजे हे पहिलं. आदल्या दिवशी वर्गशिक्षकांना सांगून ठेवा की याला धाप लागते, ही फळ्यावरचं नीट वाचत नाही, कारण टीमला एका दिवसात शेकडो मुलं बघायची असतात आणि मूल स्वतःहून काही बोलत नाही.

संध्याकाळी दप्तर तपासा. चिठ्ठी असेल तर लगेच मोबाईलवर फोटो काढा, कुठे पाठवलंय ते वाचा, ग्रामीण रुग्णालय का जिल्हा रुग्णालय. जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, सगळे त्याला डीईआयसी म्हणतात, तिथे पुढच्या तपासण्या आणि उपचार मोफत होतात. समजत नसेल तर आशाताईंना विचारा, त्यांना वाट माहीत असते. खाजगी शाळेतल्या मुलांकडे ही गाडी येत नाही, त्यांना शंका आली तर आईबापांनी स्वतःच सरकारी दवाखान्यात दाखवायचं.

आता ऑपरेशन सांगितलं तर. इथेच लोक घाबरून खाजगीत पैसे भरतात, कर्ज काढतात, आणि नंतर कळतं की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झालं असतं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण केलंय आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांना पण घेतलंय. पण ही कॅशलेस योजना आहे, आधी बिल भरून मागून पैसे मिळतील असं धरून चालू नका. म्हणून ॲडमिट व्हायच्या आधी योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राच्या (म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाच्या) टेबलावर जा, रेशनकार्ड, आधार, आणि शाळेतली चिठ्ठी व रिपोर्ट दाखवा, तो ऑनलाइन नोंद करतो, हॉस्पिटल मंजुरी मागवतं. इमर्जन्सी असेल तर फोनवरून मंजुरीची सोय आहे, तसं स्पष्ट बोला. कुठलं हॉस्पिटल योजनेत आहे ते १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर विचारता येतं. हॉस्पिटल यादीत असलं तरी तुमचं ऑपरेशन तिथे होतं का हे वेगळं विचारा, आम्ही यात एक चक्कर फुकट घालवली.

मुलाचं नाव रेशनकार्डात नसतं ही नेहमीची अडचण. तहसीलच्या पुरवठा शाखेत जन्मदाखला देऊन ते आजच घालून घ्या, मूल ठणठणीत असलं तरी. तान्हं बाळ असेल आणि नाव अजून चढलेलं नसेल तर जन्मदाखला आणि आईबापाचं कार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटा, परत फिरू नका.

आणि ऑपरेशननंतर शाळेत पण कळवा, खेळाच्या तासाला काय चालेल काय नाही ते डॉक्टरांकडून लिहून घेऊन सरांना द्या.