लक्ष न टिकणाऱ्या माणसाने प्रुफं कशी वाचावीत

मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे छापण्याआधीच्या कच्च्या पानांतल्या (प्रुफांतल्या) चुका शोधते, आणि माझं लक्ष फार तर बारा-तेरा मिनिटं टिकतं. प्रकाशकांना हे मी कधी सांगत नाही. शाळेत बाई म्हणायच्या, हिच्या पायाला नाही, डोक्याला भिंगरी आहे. भिंगरी अजून आहे, आणि १९ वर्षं पुण्यात ह्याच कामावर घर चालवलंय. कसं, ते सांगते. प्रुफांच्या जागी तुमचा अभ्यास, हिशेब, टाकायची बिलं, काहीही धरा.

आधी माझी फजिती. काही वर्षांपूर्वी एक कादंबरी तपासायला आली. दुष्काळी भागात बोअर मारत हिंडणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट, आणि इतकी चांगली लिहिलेली, की २०० पानांवरची ती चळत मी दोन दिवसांत संपवली. कुकरच्या शिट्ट्या मोजल्या नाहीत, डाळ करपली. मला वाटलं, वा, आपलं लक्ष काय लागलंय! पुस्तक छापून आलं. आतल्या शीर्षकाच्या पानावर, चांगल्या ठळक टायपात, छापलं होतं : 'कांदबरी'. का वर अनुस्वार, द उघडा. आत आणखी ३१ चुका निघाल्या. त्याच आठवड्यात मी एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल जांभया देत, चार वेळा उठत, रडतरखडत वाचला होता. त्यात सुटल्या दोन.

लक्ष भरपूर लागलं होतं, पण ते त्या कुटुंबाच्या पाण्यात. अक्षरांकडे पाहायला कोणी घरी नव्हतंच. तेव्हापासून 'मला ह्यात रस नाही, म्हणून लक्ष लागत नाही' हे वाक्य मी अर्धंच खरं मानते. रस कशात ठेवायचा हे आपल्याला थोडंफार ठरवता येतं, आणि सगळी खटपट तिथे करायची असते.

म्हणून पहिलं काम : लक्ष उडतं कधी, ते पाहा. एक आठवडा मी समासात पेन्सिलीने बारीक टिंब देत होते. मन भाजीबाजारात गेलं की टिंब. भान आलं की पुढे. स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत, फक्त टिंब. आठवड्याने कागद समोर पसरले तर टिंबं कशीही पडलेली नव्हती. रटाळ मजकुरात बाराव्या मिनिटाच्या आसपास त्यांची रांगोळी, दुपारी तीननंतर तर विचारू नका. आणि रंगलेल्या मजकुरात एकही टिंब नाही, चुका मात्र तिथेच सुटलेल्या! हा कागद प्रत्येकाचा वेगळा असणार. दुसऱ्याचं वेळापत्रक उसनं घेऊ नका. माणसाचं लक्ष आता आठ सेकंदांवर आलंय, गोल्डफिशपेक्षाही कमी, असा निरोप घरच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी येतो. २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या एका अहवालातून तो आकडा जगभर गेला, आणि त्याच्या मुळाशी धड संशोधन नाही. ते सोडून द्या, आपली टिंबं मोजा.

आता रटाळ मजकूर. इथे माझा सगळ्यात मोठा आधार म्हणजे एका वेळी एकच शिकार. 'नीट वाच' असं मनाला सांगून काही होत नाही, कारण त्यात शोधायचं काय ते मनाला कळत नाही. म्हणून पहिल्या फेरीत मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघते. 'कवी'ची वेलांटी दीर्घ, पण 'कविमन' झालं की ऱ्हस्व. 'गुरू' दीर्घ, 'गुरुदक्षिणा' ऱ्हस्व. दुसऱ्या फेरीत अनुस्वार. तिसरीत नुसते आकडे आणि नावं. फॉर्म, म्हणजे छपाईचा १६ पानांचा गठ्ठा, उघडण्याआधी कोपऱ्यात अंदाज लिहिते : ह्या १६ पानांत किती सापडतील? समजा ११. मग नऊ सापडल्या की उरलेल्या दोनसाठी डोळे आपोआप ताणले जातात. पोरखेळ आहे, मान्य. पण पोरखेळात मन रमतं, म्हणून तर तो खेळायचा.

फेऱ्या वाढल्या म्हणजे वेळ वाढला, असं वाटतं. माझा वाढला नाही. पूर्वी एकाच ओळीवरून पाच वेळा डोळे फिरवायचे, त्या फेऱ्या कोण मोजत होतं?

दुसरी युक्ती मला त्या पतसंस्थेच्या अहवालानेच शिकवली. दरवर्षी तोच मजकूर : दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, अहवाल सालात झालेली प्रगती, सभासदांचे आभार. तिसऱ्या वर्षी कंटाळून मी मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवला. थकबाकी वाढलेली, आणि 'प्रगती' शब्द मात्र तेवढ्याच वेळा. सभासदसंख्या तिसऱ्या पानावर एक, अकराव्या पानावर दुसरी. माझी झोप उडाली! मजकूर तसाच होता, मी त्याला प्रश्न विचारला होता एवढंच. तेव्हा कोणत्याही कोरड्या कागदाला आधी एक प्रश्न विचारा, खोचक असेल तर उत्तम. माझा भाचा दहावीत इतिहासाच्या पुस्तकापुढे पेंगायचा आणि क्रिकेटपटूंची सरासरी मात्र दशांशासकट सांगायचा. त्याची आई म्हणायची, 'तिकडे बरं लक्ष लागतं!' हे टोचून बोलणं वाया जातं, कारण पोरगं खरंच सांगत असतं की त्याचं डोकं कसं चालतं. मी त्याला धडा वाचायला लावलाच नाही. आधी शेवटचा स्वाध्याय उघडून एकच प्रश्न घ्यायला सांगितला, मग त्याच्या उत्तराच्या शोधात धड्यात शिरायचं. पेंगणं थांबलं असं म्हणणार नाही, उशिरा सुरू व्हायला लागलं.

रंगलेल्या मजकुराचं उलट. तिथे रस कमी करायचा असतो. मी आता चांगलं पुस्तक आधी चहा घेऊन, पेन्सिल स्वयंपाकघरात ठेवून, हौसेने वाचून टाकते. शेवट कळला, भूक भागली. मग तपासायला बसते ती शेवटच्या परिच्छेदापासून, एकेक परिच्छेद मागे येत. गोष्ट तुटते आणि शब्द दिसायला लागतात. तरी 'आणि', 'आहे', 'नाही' असले चिल्लर शब्द हुलकावणी देतातच. 'आहे'चा 'अहे' झालेला मला आजही पहिल्या फेरीत दिसत नाही. १९७६ साली ॲलिस हिली ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी लोकांना इंग्रजी उताऱ्यातल्या प्रत्येक 'टी' अक्षरावर खूण करायला सांगितली, तर ते सगळ्यात जास्त सुटले 'टी-एच-ई' ह्या तीन अक्षरी शब्दातले, पानोपानी येणाऱ्या. ओळखीच्या शब्दाचं आपण अक्षर वाचत नाही, चेहरा बघून पुढे जातो. अशा शब्दांसाठी मी ओळीखाली कोरी पट्टी धरते, खालचं काही दिसू देत नाही.

उठण्याबद्दल. बसून राहणं म्हणजे लक्ष, हा समज मी फार उशिरा टाकला. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसलेल्या ब्रिटिश सैनिकांना समोरच्या खुणा का दिसेनाशा होतात, ते नॉर्मन मॅकवर्थ ह्यांनी तपासलं. घड्याळासारख्या तबकडीवर काटा टप्प्याटप्प्याने सरकायचा, मधूनच दुप्पट उडी मारायचा, ती उडी पकडायची. पहिल्या अर्ध्या तासातच पकड ढिली पडत होती. हे छापून आलं १९४८ साली. आणि ते सैनिक होते, मी तर जेवून बसलेली बाई! पुढे २०११ साली इलिनॉय विद्यापीठात आरिगा आणि येरास ह्या दोघांनी ५० मिनिटांचं एकसुरी काम लोकांना दिलं. ज्यांना मध्ये दोनदा क्षणभर दुसरीकडे वळवलं, त्यांचं लक्ष उतरलं नाही.

म्हणून मी फॉर्मचे चार तुकडे करते, चार-चार पानांचे. चार पानं झाली की उठायचं. उठून काय करायचं हे महत्त्वाचं : कोथिंबीर निवडणं, कपडे दोरीवरून काढणं, झाडांना पाणी. हातांचं काम, ज्यात वाचणं नाही. मोबाइल नाही, कारण तोही वाचायलाच लावतो आणि चार मिनिटांची चाळीस होतात. तो फ्रिजवर ठेवलाय, मला स्टूल घ्यावं लागतं. उठण्याआधी शेवटच्या ओळीपाशी पेन्सिलीने लिहून ठेवते : 'पुढे : गावाचं नाव दोन प्रकारे आलंय, बघ.' परत आल्यावर कुठून सुरू करू म्हणून रेंगाळायला जागा उरत नाही. आणि शेजारी एक पाठकोरा कागद असतोच. गॅस नोंदवायचाय, आत्याला फोन, दुधाचा हिशेब. जे आठवेल ते तिथे. मनात धरून ठेवलं तर ते दर दोन ओळींनी येऊन दार वाजवतं.

ह्यातलं काहीच चालत नाही असे दिवस असतात. रात्री झोप झालेली नसली की मी नाव-आकड्यांची फेरी काढतच नाही, पाकिटांवर पत्ते लिहिते, पोस्टात जाते. आणि कोणाचं लहानपणापासून सगळीकडेच असं होत असेल, नोकरी-संसार त्यात विस्कटत असेल, तर पट्टी नि पेन्सिल पुरणार नाही, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. माझ्या ओळखीतल्या एकांना चाळिशीत लक्ष न टिकण्याच्या विकाराचं निदान झालं आणि ते म्हणाले, आधी गेलो असतो तर बरं झालं असतं.

राहिलं मुखपृष्ठ आणि शीर्षकाचं पान. ते मी सगळ्यात शेवटी, सकाळी, ताज्या डोळ्यांनी बघते, आणि एकटी नाही. अक्षराखाली बोट ठेवून मोठ्याने म्हणते आणि सासूबाई समोर बसून दुसऱ्या कागदावर ते लिहून घेतात. का. दं, द वर अनुस्वार. ब. री, दुसरी वेलांटी. त्या दर वेळी विचारतात, 'अगं, एवढं सोपं का वाचून दाखवतेस?' मी पुढच्या अक्षरावर बोट सरकवते.