'स मॉके' वापरताना या चुका टाळा

फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मुलांच्या वह्यांत एक वाक्य हमखास सापडतं: 'झ ल मॉक'. आपण 'मी त्याला हसतो' म्हणतो, मग 'त्याला'च्या जागी 'ल' टाकला की झालं! नाही झालं. थट्टा करण्याचं क्रियापद आहे 'स मॉके द', आणि त्यातले 'स' व 'द' दोन्ही लागतात, फक्त 'झ'बरोबर (म्हणजे 'मी'बरोबर) 'स'चा 'म' होतो: 'झ म मॉक द ल्वी'. यातला 'म' बघून 'म्हणजे स्वतःचीच थट्टा का, मॅडम?' असा प्रश्न येतोच. नाही रे बाबा, त्याचा वेगळा अर्थ लावत बसू नका. 'द'शिवायचा प्रयोगही शब्दकोशात आहे, पण तो साहित्यिक. आधी साधं वाक्य जमू दे, मग ते नखरे.

भूतकाळात 'झे मॉके' नको, 'झ म स्वी मॉके'.

आता माझी खास नावडती चूक. लियाँला शिकायला गेलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला घरमालकीणबाईंनी रात्रीच्या आवाजाबद्दल मेसेज केला. याने उत्तरात काहीतरी विनोद केला आणि 'गंमत केली हो' म्हणायला पुढे लिहिलं, 'झ माँ मॉक'. झालं! त्याचा अर्थ 'मला काय फरक पडतो'. बाईंचं उत्तर एका ओळीचं, कोरडं, 'बाँझूर'सुद्धा नाही. मला फोन करून विचारतो, 'मॅडम, त्या चिडल्या का?' चिडतील नाही तर काय! गंमत केली म्हणायचं तर 'झ प्लेझाँत'. 'माँ'मधला 'आँ' आला की थट्टा बाजूला राहते आणि बेफिकिरी येते. एखाद्या गोष्टीची काडीचीही पर्वा नसली की फ्रेंच माणूस ती आपल्या पहिल्या शर्टाइतकीच मोजतो, तेही याच क्रियापदाने.

म्हणून माझ्या वर्गात हे क्रियापद एकटं लिहायचंच नाही. 'स मॉके द केल्कं', म्हणजे 'कोणाची तरी थट्टा करणे', असं अख्खं लिहायचं. मुलं कंटाळतात, त्यांना आठवड्यात फाडफाड बोलायचं असतं.

व्यंजनाच्या उच्चाराने सुरू होणाऱ्या एकवचनी पुल्लिंगी नामाआधी 'द ल' न म्हणता 'द्यू' म्हणा: 'स मॉके द्यू प्रोफेसर'. हे मात्र सगळ्यांना लगेच पाठ होतं, का ते कळतंच!

आणि रील्स बघून उचललेलं 'झ माँ फू' मित्रांतच ठेवा. अर्थ 'झ माँ मॉक'चाच, पण शिवराळ. घरमालकीणबाईंना तर चुकूनही नको.