हेफॅटला निघण्याआधी घरी फोन करा

युद्धक्षेत्रात जाणाऱ्या पत्रकारांच्या सुरक्षा प्रशिक्षणाला हेफॅट म्हणतात. येऊरच्या पायथ्याशी ते शिबिर करताना मी जे विसरले, ते आधी सांगते. बूट, टॉर्च, पाणी तुम्ही घ्यालच. बूट मात्र नवे कोरे नकोत.

फॉर्मवर संकटकाळी कोणाला कळवायचं ते विचारतात. मी भावाचा नंबर लिहिला आणि त्याला सांगितलंच नाही. अपहरणाच्या सरावात प्रशिक्षकांनी ऐरोलीला त्याला फोन लावला. फसवणुकीचा फोन समजून त्याने तो कापला, पुन्हा उचललाच नाही. खरोखर ओलीस असते तर? म्हणून त्या माणसाला आधी सांगा. नुसता नंबर देऊ नका, त्याच्यासमोर बसून सांगा: कोण फोन करेल, किती तास माझा निरोप आला नाही तर तू कोणाला कळवायचंस. तुम्ही जिवंत आहात हे पटवणारे दोन-तीन प्रश्नही त्याच्याशी ठरवा. शाळेचं नाव, आईचं माहेर चालत नाही, ते फेसबुकवर सापडतं. आजोळच्या विहिरीत कोण पडलं होतं, असलं काही हवं. या प्रश्नोत्तरांची एक प्रत बंद पाकिटात संपादकाकडे.

टूर्निके, म्हणजे हातापायातून वाहणारं रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, स्वतःचं न्या. 20 एप्रिल 2011 रोजी लिबियात मिस्राता इथे छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन मांडीच्या जखमेतून रक्त वाहून गेला. त्यानंतर त्याचा मित्र सेबॅस्टियन युंगरने मुक्त पत्रकारांना प्रथमोपचार शिकवणारी रिस्क ही संस्था काढली. पट्टा जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर कधीच नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचा आणि वेळ लिहायची. जखमी किंचाळेल. दया येऊन सैल करू नका. पट्टा बॅगेच्या तळाशी नको, दोन्हींपैकी कुठल्याही हाताला मिळेल असा ठेवा.

बुलेटप्रूफ जॅकेट मागून आणा आणि घालून चार मजले चढा, मग कळेल. नुसतं मऊ जॅकेट पिस्तुलापुरतं. रायफलीसाठी आत कडक प्लेट लागते.

बोटाच्या ठशाने फोन उघडायची सोय बंद करा, जुने चॅट साफ. विम्याची पॉलिसी वाचा, साध्या पॉलिसीत युद्ध बहुधा वगळलेलं असतं. धनुर्वाताचं इंजेक्शन, रक्तगटाचं कार्ड. बाकी तिथे सांगतील.

आणि घरचा तो फोन आज रात्रीच करा, समोरचा जेवून निवांत बसला असेल तेव्हा.